‘शेतकऱ्यां’मधला अर्धा र: संगणकात तो कसा साठतो आणि कसा टंकावा

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडी भागात मराठीतून निघालेली कोणतीही सूचना घेतली, तरी तिच्या पहिल्या काही ओळींतच ‘शेतकऱ्यांना’, ‘व्यापाऱ्यांना’, ‘कर्मचाऱ्यांना’ किंवा ‘गावकऱ्यांनी’ यांपैकी एखादा शब्द सापडतोच. ऊस आणि तंबाखू पिकवणाऱ्या मुलखात पतसंस्थेची वार्षिक सभा असो वा सार्वजनिक मंडळाचे निवेदन, या शब्दांवाचून मजकूर पुढे सरकत नाही. या सर्व शब्दांत ‘य’च्या आधी जी लहानशी आडवी, वाकलेली रेघ दिसते, ती म्हणजे अर्धा र. हाताने लिहिताना तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. संगणकावर मात्र ती अनेकांना सापडत नाही, सापडली तरी प्रत्येक जण ती वेगळ्या वाटेने उमटवतो, आणि मग एकसारखे दिसणारे दोन मजकूर यंत्राच्या दृष्टीने वेगवेगळे ठरतात. हा अर्धा र साठवण्याची कोणती रीत धरावी, तो कोणत्या कळांनी उमटवावा आणि जुन्या मजकुरातला बिघडलेला र कसा दुरुस्त करावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. ‘र’चा पाय मोडून त्याला पुढचे व्यंजन जोडले, की सामान्यतः त्या व्यंजनाच्या डोक्यावर रफार चढतो आणि उच्चारात आधीच्या अक्षरावर आघात येतो: सूर्य, कार्य, चोर्ला. मराठीत मात्र ‘य’ आणि ‘ह’ यांच्या आधीचा र पुष्कळदा असा आघात देत नाही, आणि तो निराळा दाखवण्यासाठी हा अर्धा र वापरला जातो: दुसऱ्या, पायऱ्या, कुऱ्हाड, कऱ्हाड, ऱ्हास. खानापूरपलीकडच्या दऱ्या आणि कोकणापलीकडचा दर्या यांत फरक आहे तो एवढ्याच रेघेचा. ‘आचार्यांना’ निमंत्रण धाडायचे की ‘आचाऱ्यांना’, हेही तीच ठरवते. म्हणून टंकताना रफार चालवून घेणे म्हणजे शुद्धलेखनाची किरकोळ सवलत नव्हे. पुष्कळ ठिकाणी त्याने दुसराच शब्द तयार होतो.

साठवणीच्या दोन रीती

संगणक अक्षराचे चित्र साठवत नाही, त्याचा क्रमांक साठवतो. युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरीला यू+०९०० ते यू+०९७एफ असा १२८ जागांचा गट दिलेला आहे. त्यात ‘र’चा क्रमांक यू+०९३०, ‘य’चा यू+०९२एफ आणि पाय मोडण्याच्या चिन्हाचा, म्हणजे हलन्ताचा, यू+०९४डी आहे. रफारासाठी स्वतंत्र क्रमांक नाही. र, हलन्त आणि य असे तीन क्रमांक ओळीने आले, की फाँटमधील नियमांनुसार पडद्यावर ‘र्य’ उमटते. हाच क्रम दिल्यावर यंत्र नेहमी रफार काढणार असेल, तर अर्धा र त्याला मागायचा कसा? या प्रश्नाला युनिकोडमध्ये एक नव्हे, दोन उत्तरे आहेत, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिले उत्तर भारतीय मानकातून आलेले आहे. १९९१ साली मान्य झालेल्या इस्की या भारतीय संकेतन मानकात साध्या ‘र’च्या लगोलग एका ‘कठोर र’ला स्वतंत्र जागा होती. युनिकोडचा देवनागरी गट इस्कीच्याच आदल्या, १९८८ च्या आवृत्तीवर बेतला गेला आणि हा र तेथे यू+०९३१ या क्रमांकावर आला. त्याचे पूर्ण रूप म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’. तमिळ आणि मल्याळममधील कठोर र देवनागरीत लिहिण्यासाठी तो उपयोगी पडतो, पण मराठीत तो पूर्ण रूपात येतच नाही. त्याचा पाय मोडला, की टिंब नाहीसे होते आणि आपला अर्धा र उमटतो. म्हणजे ऱ, हलन्त आणि य मिळून ‘ऱ्य’. मराठीतला इतका घरगुती आकार एका दाक्षिणात्य अक्षराच्या क्रमांकावर राहतो, याचे निदान बेळगावच्या वाचकाला तरी नवल वाटू नये.

दुसरे उत्तर म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे यू+२००डी या क्रमांकाचा, पडद्यावर न दिसणारा, शून्य रुंदीचा जोडक. हा जोडक यंत्राला सांगतो की येथे रफार न काढता अर्धे रूप काढावे. ही रीत युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी मानकात ठेवलेली आहे, आणि अनेक जुन्या टंकलेखन साधनांनी तिचाच अवलंब केल्यामुळे आजही मोठ्या प्रमाणावर मराठी मजकूर तिच्यात साठलेला आहे.

दोन्ही रीतींनी पडद्यावर एकच आकार दिसतो. तरीही नव्या मजकुरात पहिलीच रीत, म्हणजे ऱ आणि हलन्त, वापरावी असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे व्यवहारातली आहेत. जोडक अदृश्य असल्यामुळे तो गळून पडला तरी कोणाला कळत नाही. काही अर्ज भरताना, काही प्रणालींतून मजकूर पुढे जाताना किंवा ‘अनावश्यक’ चिन्हे साफ करणाऱ्या एखाद्या आज्ञेमुळे तो नाहीसा होतो, आणि उरलेल्या र, हलन्त, य या क्रमातून यंत्र बिनदिक्कत रफार काढते. ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ होते आणि शुद्धलेखन तपासणारे साधनही तक्रार करत नाही, कारण तोही शब्द शुद्धच असतो. ऱ वापरला असेल, तर असे गळून पडण्यासारखे काही नसते. शोधाचीही तीच अडचण आहे. एका रीतीने टंकलेला शब्द अक्षरशः तुलना करणाऱ्या शोधाला दुसऱ्या रीतीच्या मजकुरात सापडत नाही, आणि जोडक वगळून तुलना करणारी प्रणाली असेल, तर तिला जोडकाचा अर्धा र आणि रफार यांत भेदच दिसत नाही.

येथे एक तांत्रिक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ऱ हा एकच क्रमांक म्हणूनही साठवता येतो, किंवा र आणि त्याखालचा नुक्ता, यू+०९३सी, असे दोन क्रमांक म्हणूनही. ही दोन रूपे युनिकोडने समान ठरवली आहेत, त्यामुळे प्रमाणीकरणाची क्रिया चालवली की दोन्ही एकाच रूपात येतात आणि त्यांची काळजी करण्याचे कारण नाही. जोडकाची रीत मात्र ऱच्या रीतीशी अशी समान ठरवलेली नाही. कोणतेही प्रमाणीकरण या दोघांना एक करत नाही. ते काम माणसालाच मुद्दाम करावे लागते.

टंकावा कसा

सर्वांत खात्रीचा मार्ग इनस्क्रिप्ट कळफलकाचा आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये मान्य केलेली ही मांडणी विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइड या तिन्हींवर मिळते. विंडोजमध्ये सेटिंग्जच्या वेळ आणि भाषा या भागात जाऊन मराठी भाषा जोडली, की तिच्यासोबत हा कळफलक येतो, आणि त्यानंतर विंडोजची कळ दाबून धरून स्पेस दाबली की इंग्रजी, कन्नड आणि मराठी कळफलक आळीपाळीने बदलतात. आपल्याकडे बहुतेक कार्यालयांत आणि शाळांत हे तिन्ही लागतात, म्हणून टंकायला लागण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यात कोणत्या भाषेचे चिन्ह आहे ते पाहून घ्यावे.

इनस्क्रिप्टमध्ये ‘र’ इंग्रजी ‘जे’च्या कळीवर आहे आणि ‘ऱ’ त्याच कळीवर शिफ्टसह. हलन्त ‘डी’वर, ‘ह’ ‘यू’वर, काना ‘ई’वर आणि ‘य’ तिरक्या रेघेच्या, म्हणजे प्रश्नचिन्हाच्या कळीवर आहे. त्यामुळे अर्धा र हवा असेल, तर शिफ्टसह ‘जे’, मग शिफ्ट सोडून ‘डी’, आणि मग ‘य’ किंवा ‘ह’ असा क्रम ठेवावा. बोटांना सवय लावण्यासाठी ‘कर्मचाऱ्यांना’ हा शब्द उत्तम आहे, कारण त्यात रफार आणि अर्धा र दोन्ही येतात. ‘कर्म’साठी ‘के’, साधा ‘जे’, ‘डी’ आणि ‘सी’. ‘चा’साठी अर्धविरामाची कळ आणि ‘ई’. ‘ऱ्यां’साठी शिफ्टसह ‘जे’, ‘डी’, तिरकी रेघ, ‘ई’ आणि अनुस्वाराचा ‘एक्स’. शेवटी ‘ना’साठी ‘व्ही’ आणि ‘ई’. हा शब्द न पाहता टंकता आला, की अर्ध्या रची अडचण कायमची संपते. ‘कऱ्हाड’ तर त्याहून सोपा: ‘के’, शिफ्टसह ‘जे’, ‘डी’, ‘यू’, ‘ई’ आणि शेवटी उघडत्या चौकोनी कंसाची कळ.

इनस्क्रिप्ट शिकायला सुरुवातीला चिकाटी लागते, हे खरे. पण सीमाभागातल्या लिहिणाऱ्याला तिचा एक फायदा असा आहे, की याच मांडणीत कन्नडही टंकता येते आणि समान उच्चारांची अक्षरे दोन्ही लिप्यांत त्याच कळांवर असतात. मराठी ‘र’ ज्या बोटाखाली आहे, त्याच बोटाखाली कन्नड ‘र’ आहे; ‘क’, ‘म’, ‘ळ’ यांचेही तसेच. एकदा शिकून दोन भाषांचे काम होते.

ज्यांची बोटे शाळेत किंवा सरकारी कार्यालयात नुडी या कन्नड टंकलेखन साधनाच्या, म्हणजे कन्नड गणक परिषदेच्या, कळफलकावर बसली आहेत, त्यांच्यासाठी लिनक्सवर आणखी एक सोय आहे. तेथे कागापा नावाने तीच उच्चारानुसारी मांडणी कन्नडसोबत मराठीसाठीही उपलब्ध आहे, आणि तिच्यात हलन्त ‘एफ’च्या कळीवर येतो. कळफलकाच्या यादीत मराठी निवडून त्याखालचा कागापा हा प्रकार घ्यावा आणि त्याचा नकाशा उघडून ‘ऱ’ची जागा पाहून ठेवावी.

रोमन अक्षरांतून मराठी करणारी साधने बहुसंख्य लोक वापरतात आणि मोबाइलवर त्यांचाच सुळसुळाट आहे. त्यांत ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ असे रुळलेले शब्द सहसा नीट येतात, कारण ते साधनाच्या शब्दसंग्रहात असतात. अडचण येते ती दोन्ही रूपे संभवणाऱ्या शब्दांत आणि आडनावांत. रोमन लिपीत रफार आणि अर्धा र यांत फरक दाखवायला जागाच नसल्यामुळे साधन अंदाज बांधते, आणि तो अंदाज नेहमी अधिक वापरल्या जाणाऱ्या शब्दाकडे झुकतो. म्हणून सुचवलेल्या पर्यायांची पट्टी पाहिल्याशिवाय स्पेस दाबू नये. देवनागरी अक्षरे दाखवणारा कीबोर्ड असेल, तर बहुतेकांत ‘र’वर बोट दाबून धरले की ‘ऱ’ निवडता येतो. त्यानंतर हलन्त आणि मग पुढचे अक्षर.

परक्या संगणकावर, जिथे मराठी कळफलक बसवण्याची मुभा नाही, तिथे क्रमांकावरून अक्षर काढता येते. वर्डमध्ये 0931 हे चार आकडे इंग्रजी अंकांत टंकून लगेच ऑल्टसह ‘एक्स’ दाबावा. आकड्यांच्या जागी ‘ऱ’ येतो. तसेच हलन्तासाठी शून्य, नऊ, चार आणि इंग्रजी ‘डी’. लिब्रे ऑफिसमध्येही हीच युक्ती चालते. लिनक्सवर कंट्रोल, शिफ्ट आणि ‘यू’ एकत्र दाबून, क्रमांक देऊन एंटर करावे. एखाद्या नावापुरते हे ठीक आहे; पानभर मजकूर असा लिहिणे म्हणजे स्वतःला शिक्षा करून घेणे.

आकार नीट दिसत नसेल तर

ऱ आणि हलन्त टंकल्यावर अर्धा र न दिसता टिंब असलेला र आणि त्याखाली पाय मोडल्याची खूण दिसली, तर मजकूर चुकला असे समजू नये. तो फाँटचा किंवा कार्यक्रमाचा दोष असतो. निर्मला, मंगल, नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता यांपैकी एखादा फाँट लावून पाहावा. यांत हा आकार व्यवस्थित आहे. छपाईसाठी इनडिझाइन वापरणाऱ्यांनी परिच्छेदाच्या मेनूमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडलेला आहे याची खात्री करावी, कारण तो नसेल तर केवळ हा रच नव्हे, सगळी जोडाक्षरे विस्कटतात. फाँटचा दोष झाकण्यासाठी मजकुरात फेरफार करणे, उदाहरणार्थ ऱच्या जागी संयोगचिन्ह घालून तसा आकार भासवणे, हा प्रकार काही छापखान्यांत चालतो. कागदावर तो खपून जातो. तोच मजकूर पुढे कोणी संकेतस्थळावर टाकला, की त्यातला शब्द शोधायला गेलेल्याला तो कधीच सापडत नाही.

जुन्या मजकुराची दुरुस्ती

आपल्याकडच्या छापखान्यांत आणि डीटीपी केंद्रांत पडून असलेला बराच मराठी मजकूर युनिकोडपूर्व फाँटांतला आहे. त्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, आणि अर्धा र हा त्यांतलाच एक स्वतंत्र तुकडा. असा मजकूर परिवर्तक चालवून युनिकोडमध्ये आणला जातो, तेव्हा त्या तुकड्याच्या जागी ऱ तर येतो, पण हलन्त राहून जातो. परिणामी ‘शेतकऱयांना’, ‘दुसऱया’ अशी रूपे तयार होतात. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर ती इतकी सर्रास दिसतात, की काही वाचकांना ती शुद्ध वाटू लागली आहेत.

ही चूक दुरुस्त करणे सुदैवाने सोपे आहे, कारण मराठीत ऱ हलन्ताशिवाय येतच नाही. शोधा आणि बदला या खिडकीत वरच्या चौकटीत ‘ऱय’ आणि खालच्या चौकटीत ‘ऱ्य’ देऊन सगळे एकदम बदलावे. मग ‘ऱह’च्या जागी ‘ऱ्ह’. मजकुरात तमिळ किंवा मल्याळम नावे मूळ उच्चारानुसार लिहिलेली असतील, तरच एकेक पाहून बदलावे.

जोडकाची रीत ओळखणे त्याहून अवघड, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी साधी कसोटी अशी: संशयित शब्द कोऱ्या दस्तऐवजात चिकटवावा, कर्सर ‘ऱ्या’च्या लगेच पुढे ठेवावा आणि मागे खोडणारी कळ एकेकदा दाबत जावी. काना, य आणि हलन्त खोडून झाल्यावर टिंब असलेला ऱ उरला, तर मजकूर पहिल्या रीतीचा आहे. साधा र उरला आणि मधे एकदा कळ दाबूनही अक्षरांपैकी काहीच खोडले गेले नाही असे वाटले, तर तिथे जोडक होता. एक्सेलमध्ये याहून नेमके कळते. ‘लेन’ हे सूत्र ‘कर्मचाऱ्यांना’ या शब्दासाठी १३ आकडा दाखवेल. जोडक असेल, तर १४.

जोडक काढून ऱ बसवताना एक पथ्य पाळावे. मजकुरातले सगळे जोडक सरसकट काढू नयेत, कारण इतर ठिकाणी एखाद्या व्यंजनाचे अर्धे रूप मुद्दाम दाखवण्यासाठी ते घातलेले असू शकतात, आणि अनेक इमोजींचे भागही याच चिन्हाने जोडलेले असतात. बदलायचा तो फक्त र, हलन्त आणि जोडक हा तिघांचा क्रम. वर्डमध्ये चुकीच्या रीतीचा एखादा ‘ऱ्य’ मजकुरातून उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवावा आणि बदलाच्या चौकटीत स्वतःच्या हाताने, इनस्क्रिप्टमधून, ‘ऱ्य’ टंकावा. दोन्ही चौकटी एकसारख्या दिसतील, त्यात गोंधळून जाऊ नये. ‘ऱ्ह’साठी पुन्हा तेच करावे. सभासदांची किंवा विद्यार्थ्यांची यादी एक्सेलमध्ये असेल, तर ‘सब्स्टिट्यूट’ हे सूत्र वापरावे: पहिल्या जागी मूळ खाना, दुसऱ्या जागी अवतरणात पाय मोडलेला साधा र आणि त्याला ‘&’ने जोडलेले ‘युनिचार’ सूत्र, ज्याच्या कंसात 8205 हा आकडा असेल, आणि तिसऱ्या जागी अवतरणात ऱ व हलन्त. सूत्रांची नावे अर्थातच इंग्रजीत टंकावी लागतात. ‘युनिचार’ एक्सेलच्या २०१३ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत मिळते. यादी दुरुस्त झाल्यावर ती मूळ खान्यांवर केवळ मूल्ये म्हणून चिकटवावी.

सभासदांना मराठीतून एसएमएस धाडणाऱ्या संस्थांना या दुरुस्तीचा एक लहानसा लाभही होतो. देवनागरी एसएमएसमध्ये एका संदेशात ७० चिन्हेच मावतात आणि अदृश्य जोडकही त्यांत मोजला जातो.

याच जातीची आणखी एक गोष्ट ओघात सांगून ठेवतो. ‘ॲप’, ‘ॲम्ब्युलन्स’ यांतला ‘ॲ’ हे २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलेले स्वतंत्र अक्षर आहे, यू+०९७२. त्याआधी लोक ‘अ’ला चंद्र जोडून तोच आकार काढत, आणि ती दोन रूपेसुद्धा युनिकोडने समान ठरवलेली नाहीत. नव्या मजकुरात एकच अक्षर वापरावे.

कन्नड लिपीत नेताना

कर्नाटकात २०२४ पासून दुकानांच्या फलकांचा ६० टक्के भाग कन्नडसाठी ठेवावा लागतो, आणि लग्नपत्रिका, भेटपत्रे व संस्थांचे शिक्केही आपल्याकडे पूर्वीपासूनच दोन लिप्यांत निघतात. त्यामुळे एका लिपीतले नाव यंत्राकडून दुसऱ्या लिपीत करून घेण्याचा मोह होतो. युनिकोडमध्ये कन्नडचा गट देवनागरीच्या बरोबर ८९६ क्रमांक पुढे आहे आणि दोन्ही गटांतली अक्षरे इस्कीच्या क्रमाने लावलेली असल्यामुळे, प्रत्येक अक्षराच्या क्रमांकात ८९६ मिळवले की बहुतेक वेळा तेच कन्नड अक्षर मिळते. लिप्यंतराची अनेक साधी साधने मुळात हेच करतात.

अर्ध्या रच्या बाबतीत मात्र ती फसतात. ऱमध्ये ८९६ मिळवले, की जुन्या कन्नडमधला कठोर र मिळतो. हळेगन्नडच्या अभ्यासकांना तो परिचित आहे, पण आजच्या कन्नडमध्ये तो वापरात नाही, आणि दुकानाच्या फलकावर तो आला तर वाचणारा अडखळेल. म्हणून लिप्यंतर करण्याआधी मजकुराची वेगळी प्रत काढून तिच्यातल्या प्रत्येक ऱच्या जागी साधा र करून घ्यावा.

त्यानंतरचा प्रश्न आकाराचा. कन्नडमध्येही र, हलन्त आणि य असा क्रम दिला, की यंत्र रफाराचेच कन्नड रूप, म्हणजे य लिहून त्याच्या उजवीकडे येणारा अर्कावत्तू, काढते. आडनावात ते चालून जाते. पण ‘रॅली’ किंवा ‘रँक’ असे शब्द कन्नडमध्ये पूर्ण र आणि त्याखाली यचा ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरात खाली लिहिले जाणारे रूप, असे लिहितात, आणि तो आकार हवा असेल तर तेथेही जोडकच वापरावा लागतो. फरक एवढाच, की कन्नडमध्ये तो र आणि हलन्त यांच्या मध्ये येतो. देवनागरीत मात्र हलन्ताच्या नंतर. जोडकाची रीत वापरलेला मराठी मजकूर जसाच्या तसा कन्नड क्रमांकांत सरकवला, तर जोडक भलत्या जागी पडतो आणि आकाराची खात्री राहत नाही.

उलट दिशेने, म्हणजे कन्नडमधून मराठीत येताना, रची अडचण नसते, पण ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ आडवे येतात. कन्नडमध्ये या दोन्ही स्वरांना ऱ्हस्व आणि दीर्घ अशी वेगळी चिन्हे आहेत, आणि देवनागरी गटातही त्यांच्यासाठी जागा राखलेल्या असल्यामुळे यंत्र ती इमानाने तिथे नेऊन ठेवते. १ नोव्हेंबर २०१४ पासून जिल्ह्याचे जे अधिकृत नाव झाले, ते कन्नडमधून असे सरकवले, तर देवनागरीत ‘बॆळगावि’ मिळते. यातली वाकडी मात्रा मराठी वाचकाला छपाईचा डाग वाटते. शोधा आणि बदला वापरून यू+०९४६ या मात्रेच्या जागी नेहमीची मात्रा, आणि यू+०९४ए या चिन्हाच्या जागी नेहमीचा काना-मात्रा घालावा. त्या स्वरांची स्वतंत्र अक्षरे, ऎ आणि ऒ, आली असतील तर तीही ए आणि ओ करावीत. शेवटची ऱ्हस्व वेलांटी मात्र अशी एकदम बदलू नये. मराठी नियमाप्रमाणे शब्दान्तीचा इकार दीर्घ लिहायचा असला, तरी ‘आणि’, ‘नि’ यांसारखे शब्द त्याला अपवाद आहेत, आणि शब्दाच्या मधली वेलांटी तर मूळचीच ठेवायची असते. तेव्हा ‘बेळगावी’, ‘हुक्केरी’, ‘चिकोडी’ ही नावे एकेक करून हातानेच दुरुस्त करावीत.